गार्नोचा इतिहास आणि क्वेबेकचीं दप्तरें

(१) कॅनडांतील क्वेबेक या फ्रेंचभाषी प्रांताचा इतिहास तेथील लोकांनीं लिहावयास घेतला तो एका आरोपास उत्तर म्हणून. उत्तर म्हणून लिहिलेल्या ग्रंथास जे गुण येतात आणि जे दोष चिकटतात, ते दोन्ही त्या इतिहासांत पुरेपूर उतरले आहेत. प्रस्तुत लेखांत फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो याच्या 'कॅनडाचा इतिहास' या ग्रंथाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. ग्रंथाचा पहिला खंड १८४५ सालीं निघाला, म्हणजे ग्रंथ जुना आहे. परंतु त्यानें आंखून दिलेल्या चौकटींतच तेथील पुढील बहुतेक इतिहासकारांनीं व राजकारण्यांनीं आपला वाद मांडिला, म्हणून त्याचें परीक्षण आजहि निरर्थक ठरणार नाहीं. चाळीस वर्षें संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून उत्तरपक्षावर मत देऊं नये अशी मला संवय जडली आहे. म्हणून आरंभीं पूर्वपक्ष काय होता तें सांगतों.

(२) क्वेबेक शहराची स्थापना शांप्लें यानें १६०८ सालीं केली. १६२७ पासून वसाहतीचा कारभार एका व्यापारी मंडळीकडे होता. १६६३ त चौदाव्या लुईनें ती थेट राजसत्तेखालीं घेतली व पुढल्याच वर्षीं पॅरिस येथील रूढिशास्त्र तेथें दिवाणी कायदा म्हणून लागू झालें. या दीडशें वर्षांच्या राज्याचा शेवट सप्तवार्षिक युद्धांत झाला. १३ सप्टेंबर १७५९ रोजीं क्वेबेकच्या तटाबाहेरील अब्राहामच्या माळावर फ्रेंचांचा पराभव झाला आणि ८ सप्टेंबर १७६० रोजीं मॉन्ट्रियल शहर, व त्याबरोबर सर्व कॅनडा, इंग्रज सेनापति ॲम्हर्स्ट याच्या स्वाधीन झाला. त्याच युद्धाची दुसरी बाजू आपल्याकडे चालली होती. १७६१ च्या जानेवारींत, पानिपतचा संग्राम झाला त्याच आठवड्यांत, पाँडिचेरी इंग्रजांच्या हातीं पडली. १० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिसच्या तहानें पाँडिचेरी फ्रेंचांस परत मिळाली. कॅनडा मात्र मिळाला नाहीं. सुमारे सत्तर हजार फ्रेंच लोक एका परक्या राजाचे प्रजाजन झाले.

(३) मॉन्ट्रियलच्या समर्पणपत्राकडे आमच्या वाचकांचें लक्ष मी मुद्दाम वेधतों, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. हा कागद पंचावन्न कलमांचा आहे. फ्रेंच गव्हर्नर व्होद्रेय यानें एकेक मागणी लिहावी व तिच्यासमोर ॲम्हर्स्टनें 'मंजूर', 'नामंजूर' किंवा दोन ओळींचा शेरा लिहावा, अशी त्याची रचना आहे. जुनीं दप्तरें हाताळणारास असा कागद ओळखीचा वाटेल; मागणारा किती भ्याला होता आणि देणारा किती घाईंत होता, हें शेऱ्यांवरून कळतें. रोमन कॅथॉलिक धर्माचें आचरण मोकळेपणीं करूं द्यावें, ही मागणी मंजूर. पुढें इंग्रज व फ्रेंच यांचें युद्ध झाल्यास येथील लोकांस तटस्थ राहूं द्यावें, ही नामंजूर. शेरा एवढाच कीं हे लोक आतां राजाचे प्रजाजन झाले. पॅरिसचें रूढिशास्त्र चालूं ठेवावें, या मागणीस मागील कलमाच्या उत्तराकडे बोट दाखविलें आहे, म्हणजे होकारहि नाहीं आणि नकारहि नाहीं. भाषेविषयीं पंचावन्न कलमांत एक अक्षर नाहीं.

आतां ४५ वें कलम पहावें. वरिष्ठ न्यायसभेचीं व इतर न्यायकचेऱ्यांचीं बाडें, जहागिरदारांच्या न्यायासनांचे कागद, शहरांतील व खेड्यांतील नोटरींच्या खतांच्या मूळ प्रती, आणि एकंदरींत ज्या ज्या कागदांवरून रहिवाशांची मालमत्ता शाबीत होईल ते सर्व कागद वसाहतींतच, ज्या त्या कचेरीच्या दप्तरीं रहावेत, अशी मागणी आहे. आणि समोर शेरा आहे : मंजूर. तहाच्या वेळीं जो तो किल्ले, तोफा, सैन्याचे मान यांचा विचार करितो. येथें पराभूत पक्षानें खेड्यांतल्या नोटरीच्या बासनाची आठवण ठेविली. माझ्या मतें संपूर्ण समर्पणपत्रांत याहून दूरवर परिणाम झालेलें कलम दुसरें नाहीं.

(४) याचें कारण असें. फ्रेंच पद्धतीचा नोटरी हा केवळ सही-शिक्का करणारा कारकून नव्हे. लग्नाचा करार, वांटणीपत्र, खरेदीखत, मृत्युपत्र, मयताच्या घरांतील भांड्याकुंड्यांची यादी, हे सर्व तो लिहितो व मूळ प्रत आपल्यापाशीं ठेवितो; तो वारला म्हणजे त्याचें दप्तर न्यायकचेरींत जमा होतें. दुसऱ्या बाजूनें प्रत्येक ग्रामचर्चमध्यें जन्म, विवाह व मृत्यु यांची नोंद दोन प्रतींत होत असे. एक चर्चमध्यें, दुसरी न्यायकचेरींत. हे सारे कागद फ्रेंच भाषेंत होते. ते जागच्या जागीं राहिल्यामुळें जमिनीचा प्रत्येक वाद, प्रत्येक वारसा, प्रत्येक सोयरीक मागील फ्रेंच कागदास जोडूनच सोडवावी लागे. १७६३ च्या राजघोषणेनें इंग्रजी कायदा आणूं पाहिला, पण हीं खतें इंग्रजी कायद्यांत बसेनात. अमेरिकेंतील इतर वसाहतींत असंतोष वाढत चालला असतां १७७४ च्या क्वेबेक कायद्यानें पार्लमेंटनें माघार घेतली. फौजदारी कायदा इंग्रजी राहिला, दिवाणी कायदा फ्रेंच ठरला, आणि कॅथॉलिकांस आपली धर्मनिष्ठा न सोडतां सरकारी अधिकार घेण्याची वाट मोकळी झाली. या कायद्यांतहि भाषेचा उल्लेख नाहीं. भाषेचें कलम नसतां भाषा राहिली, ती कागद राहिल्यामुळें. धर्मसंस्थेचा आधार, वाढती प्रजा, खेड्यांची एकलकोंडी वस्ती हीं इतर कारणें मला मान्य आहेत. परंतु तीं कारणें लोकांस जिवंत ठेवतील, कायद्याच्या दृष्टीनें एक समाज म्हणून उभे ठेवणार नाहींत.

(५) १७९१ त प्रांताचे दोन भाग झाले. वरचा कॅनडा इंग्रजांचा व खालचा कॅनडा मुख्यतः फ्रेंचांचा. दोहोंस निवडलेल्या सभा मिळाल्या, पण खर्चावरील ताबा व मंत्र्यांची जबाबदारी मिळाली नाहीं. खालच्या कॅनडांत पापिनो याच्या नेतृत्वाखालीं सभेनें १८३४ त ब्याण्णव ठरावांचें गाऱ्हाणें मांडलें. विलायतेहून १८३७ त दहा ठरावांनीं नकार आला, आणि त्याच वर्षीं बंड उठलें. २३ नोव्हेंबरला सें-दनी येथें बंडवाल्यांस जय मिळाला. डिसेंबरांत सें-उस्ताश येथें त्यांचा चुराडा झाला. १८३८ त पुन्हां उठाव झाला. मॉन्ट्रियलच्या तुरुंगापुढें बारा जण फांसावर चढले व अठ्ठावन्न जण ऑस्ट्रेलियांत काळ्या पाण्यावर गेले.

याची चौकशी करण्यास लॉर्ड डरहॅम आला. तो कॅनडांत पांच महिने राहिला आणि १८३९ च्या आरंभीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मंत्र्यांनीं सभेस जबाबदार असावें, ही त्याची शिफारस पुढें साम्राज्यांत सर्वत्र नांवाजली गेली. परंतु त्याच अहवालांत त्यानें फ्रेंच कॅनेडियन हे इतिहास नसलेले व वाङ्मय नसलेले लोक आहेत असा निवाडा दिला, आणि त्यांचें कल्याण इंग्रजांत विरून जाण्यांतच आहे असें सुचविलें. हाच पूर्वपक्ष. तो नुसता कागदावर राहिला नाहीं. १८४० च्या कायद्यानें दोन्ही प्रांत एक करण्यांत आले. खालच्या कॅनडांत सुमारे साडेसहा लाख व वरच्यांत सुमारे साडेचार लाख वस्ती असतां दोघांस सारख्याच बेचाळीस जागा मिळाल्या, आणि विधिमंडळाच्या लेखांची भाषा एकटी इंग्रजी ठरली.

(६) या निवाड्यास उत्तर देण्यास जो पुढें आला तो विद्यापीठांतील पंडित नव्हता. गार्नो १८०९ सालीं क्वेबेक शहरांत गरिबीच्या घरांत जन्मला, एका इंग्रजी-भाषी नोटरीच्या हाताखालीं काम शिकला व १८३० त स्वतः नोटरी झाला. पुढें दोन वर्षें लंडनमध्यें काढून परत आल्यावर विधिसभेंत भाषांतरकार व नंतर १८४४ पासून वीस वर्षें नगरपालिकेचा चिटणीस म्हणून त्यानें पोट भरलें. अपस्माराच्या व्याधीनें जर्जर असतां, कचेरीचें काम उरकून, रात्रीं त्यानें इतिहास लिहिला. कागद मिळविण्यासाठीं तो न्यूयॉर्क संस्थानांतील आल्बनी येथें गेला. पॅरिसच्या दप्तरांतील फ्रेंच गव्हर्नरांच्या पत्रव्यवहाराच्या नकला तेथें नुकत्याच आल्या होत्या, आणि त्या दाखविण्यास साह्य करणारा मनुष्य १८३७ च्या बंडांतून पळून गेलेला पापिनोचा जुना सहकारी ओ'कॅलॅहन हा होता.

गार्नोचा मोठा गुण हा कीं, त्यानें डरहॅमला शिव्या दिल्या नाहींत; पुरावा दिला. इतिहास नाहीं म्हणतां? हा घ्या. फ्रेंच राज्याची घडण, युद्धें, इंग्रजी अमलांतील विधिसभेचा झगडा, हें सर्व त्यानें पहिल्यानें एका सूत्रांत गुंफलें आणि एका विखुरलेल्या प्रजेस आपण एक राष्ट्र आहोंत असें वाचून कळलें. दुसरा गुण त्याची निर्भीडता. फ्रान्सनें प्रॉटेस्टंट लोकांस वसाहतींतून वगळलें ही राजकीय चूक होती, आणि आरंभींच्या बिशपांनीं राज्यकारभारांत हात घातला तो योग्य नव्हता, असें त्यानें कॅथॉलिक लोकांत राहून लिहिलें.

(७) येथेंच पाठभेदाचा प्रश्न उभा राहतो, आणि हस्तलिखितांचे संग्राहक त्यांत रस घेतील. या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या आहेत. पहिली १८४५ पासून तीन खंडांत निघाली. १८५२ च्या दुसरींत कथा १८४० पर्यंत आणिली. तिसरी १८५९ ची. पाद्रीमंडळींनीं ओरड केल्यामुळें धर्मसत्तेवरील तीक्ष्ण वाक्यें उत्तरोत्तर बोथट होत गेलीं. चौथी आवृत्ति ग्रंथकाराच्या मरणानंतर त्याच्या मुलानें १८८२ त काढिली; पांचवी नातवानें १९१३ पासून पॅरिस येथें छापिली आणि त्यांत आजोबांचा मूळचा उदार सूर पुन्हां वर आणिला; तेव्हां पुन्हां ओरड झाली. शिवाय १८६० सालीं अँड्र्यू बेल यानें इंग्रजी भाषांतर काढिलें, त्यांत त्यानें मनास येईल तेथें मजकूर फिरविला व आपल्या टीपा घुसडल्या. म्हणून 'गार्नो म्हणतो' असें कोणी लिहिलें कीं प्रथम विचारावें, कोणत्या आवृत्तींतला गार्नो? एकाच कर्त्याचा ग्रंथ छापखान्याच्या युगांत, तीन पिढ्यांच्या अवधींत, पोथीसारखा बदलला. जे छापील पुस्तक म्हणजे स्थिर पाठ समजतात त्यांनीं या उदाहरणाचें मनन करावें.

(८) आतां दोष. गार्नोनें फ्रेंच सरकारास मोठें भूषण म्हणून असें सांगितलें आहे कीं, कॅनडांत गुलाम आणण्यास त्यानें उत्तेजन दिलें नाहीं. समर्पणपत्राचें ४५ वें कलम सोडून दोन ओळी खालीं यावें. ४७ वें कलम म्हणतें कीं, स्त्री-पुरुष निग्रो व 'पानी', म्हणजे पश्चिमेकडून धरून आणलेले मूळ रहिवासी, हे आपल्या धन्यांच्या ताब्यांत गुलाम म्हणून राहतील व धन्यांस ते ठेवण्याचा किंवा विकण्याचा अधिकार राहील. शेरा : युद्धांत पकडलेले वगळून, मंजूर. जो समाज गुलाम ठेवीत नाहीं तो पराभवाच्या दिवशीं गुलामांची मालकी मागून घेत नाहीं. निग्रो गुलाम आणण्यास राजाची संमति १६८९ त मिळाली होती, व पानी आणि निग्रो हे विकत घेणाराची मालमत्ता होत, असा हुकूम इंटेंडंट रोदो यानें १७०९ त काढिला होता. १७३४ त मॉन्ट्रियल शहराला लागलेल्या आगीच्या आरोपावरून आंजेलिक नांवाच्या निग्रो दासीस फांशीं दिलें. त्या खटल्याचें दप्तर आजहि वाचावयास मिळतें.

हें अज्ञान क्षम्य होतें काय? १८५८ त मॉन्ट्रियल येथें ऐतिहासिक मंडळ स्थापन झालें. आपल्या पहिल्याच प्रकाशनांत, १८५९ सालीं, त्यानें कॅनडांतील गुलामगिरीचे अस्सल कागद छापिले; ते जमविणारे झाक व्हिजे व माजी मुख्य मंत्री लाफाँतेन हे दोघेहि फ्रेंच अभिमानी गृहस्थ होते. म्हणजे सत्य शत्रूनें उकरून काढलें नव्हतें, घरच्यांनींच छापिलें होतें. तरी शंभर वर्षें तें शाळेच्या पुस्तकांत शिरलें नाहीं. शेवटीं मार्सेल त्रुदेल या इतिहासकारानें नोटरींचीं खतें व चर्चच्या नोंदी एकेक करून चाळल्या आणि १९६० त साडेतीन हजारांहून अधिक गुलाम मोजून दाखविले. पुढील शोधांत ही संख्या सुमारे ४,२०० पर्यंत गेली. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश मूळ रहिवासी होते.

ज्या दप्तरांनीं डरहॅमला खोटें पाडलें, त्याच दप्तरांनीं गार्नोलाहि खोटें पाडलें. ४५ व्या कलमानें जे कागद वांचविले त्यांतच ४७ व्या कलमाचा पुरावा आहे. गार्नो हा धंद्यानें नोटरी. ज्या प्रकारच्या खतांवर त्याचें पोट चाललें त्याच प्रकारच्या जुन्या खतांत माणसांची किंमत लिहिलेली होती. तीं त्यानें पाहिलीं नाहींत, याचें कारण आळस नव्हे. जो वकील होऊन दप्तरांत शिरतो त्यास आपल्या पक्षाचेच कागद सांपडतात.

(९) दुसरा दोष याच जातीचा आहे. गार्नोच्या कथेंत मूळ रहिवासी येतात ते शत्रु म्हणून किंवा साहाय्यक म्हणून. त्यांचा स्वतःचा राजकीय हक्क हा विषय त्यास सुचत नाहीं. परंतु समर्पणपत्राच्या ४० व्या कलमांत फ्रेंचांच्या मित्र जातींस त्यांच्या राहत्या जमिनीवरून उठवूं नये असें लिहिलें आहे व तेंहि मुख्यतः मंजूर आहे. हा प्रश्न दप्तरांत झोंपून राहिला नाहीं. १९७५ त जेम्स उपसागराकडील जलविद्युत्-योजनेच्या निमित्तानें क्री व इन्युइट लोकांशीं प्रांतास करार करावा लागला. १९९० च्या उन्हाळ्यांत ओका गांवीं मोहॉक लोकांनीं अठ्याहत्तर दिवस वाट रोखून धरली. त्या वादाचें मूळ फ्रेंच राजानें अठराव्या शतकाच्या आरंभीं सुल्पिशियन पाद्र्यांस दिलेल्या इनामांत होतें. आणि १९९५ च्या ऑक्टोबरांत प्रांताचें सार्वमत होण्याच्या सहा दिवस अगोदर क्री लोकांनीं स्वतःचें सार्वमत घेऊन क्वेबेकबरोबर कॅनडांतून फुटण्यास शेंकडा ९६ मतांनीं नकार दिला. दोनशें पस्तीस वर्षांपूर्वीं एका राज्यांतून दुसऱ्यांत न विचारतां सोंपविले गेल्याचें दुःख जे सांगतात, त्यांस इतरांचें तेंच दुःख ऐकावें लागलें.

(१०) गार्नोनंतरचा राजकीय इतिहास संक्षेपानें सांगतों, कारण त्याची चौकट पुढें कशी चालली तें त्यावरून दिसतें. डरहॅमची विलीनीकरणाची योजना दहा वर्षांतच फसली. लाफाँतेन यानें वरच्या कॅनडांतील सुधारक बाल्डविन याच्याशीं एकी केली. गव्हर्नर-जनरल मेटकाफ, ज्यानें हिंदुस्थानांत १८३५ सालीं छापखान्यांस मोकळीक दिली तोच, तेथें मंत्र्यांस जुमानीना, म्हणून १८४३ त दोघांनीं राजीनामे दिले. १८४८ त भाषेवरील बंदी उठली व मंत्रिमंडळ सभेस जबाबदार झालें. जानेवारी १८४९ त लॉर्ड एल्गिन यानें गादीवरील भाषण फ्रेंचमध्येंहि वाचलें. हाच एल्गिन पुढें हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला व १८६३ त धरमशाला येथें वारला. बंडांत नुकसान झालेल्यांस भरपाई देणाऱ्या कायद्यास त्यानें संमति देतांच २५ एप्रिल १८४९ रोजीं मॉन्ट्रियल येथें चिडलेल्या इंग्रज जमावानें पार्लमेंटची इमारत जाळिली. वीस हजारांहून अधिक ग्रंथांचें संग्रहालय त्यांत भस्म झालें. फार थोडीं पुस्तकें वांचलीं. इतिहास नाहीं म्हणून हिणविलेल्या लोकांचा इतिहास त्यांस हिणविणारांच्या भाऊबंदांनीं जाळावा, ही घटना स्वतःच एक टीका आहे.

१८६६ त दिवाणी कायद्याची संहिता लागू झाली. त्याच वर्षीं गार्नो वारला. १८६७ च्या संघराज्यांत क्वेबेक स्वतःचें विधिमंडळ असलेला प्रांत झाला. त्यानंतर १८८५ त लुई रिएल यास दिलेली फांशी, १९१७ ची सक्तीची सैन्यभरती, आणि १९४२ चा त्याच विषयावरील कौल, ज्यांत क्वेबेकनें शेंकडा सत्तरांहून अधिक मतांनीं नकार दिला, या प्रत्येक प्रसंगीं संख्येच्या बळापुढें प्रांत एकटा पडला. द्युप्लेसी याचा दीर्घ अंमल १९५९ त त्याच्या मृत्यूबरोबर संपला. १९६० पासून लेसाज याच्या सरकारनें शिक्षण चर्चकडून सरकारकडे घेतलें व वीजकंपन्या प्रांताच्या मालकीच्या केल्या; याला तेथें शांत क्रांति म्हणतात. १९७० च्या ऑक्टोबरांत अतिरेक्यांनीं मंत्री पिएर लापोर्त याचा खून केला व संघसरकारनें युद्धकालीन कायदा पुकारला. १९७४ त फ्रेंच ही प्रांताची राजभाषा ठरली आणि १९७७ त लेव्हेक याच्या सरकारनें फ्रेंच भाषेची सनद केली. समर्पणपत्रांत जें कलम नव्हतें तें दोनशें सतरा वर्षांनीं लिहिलें गेलें.

इतिहासकारांतहि हाच वाद चालला. पाद्री लिओनेल ग्रू यानें गार्नोचा वारसा घेतला, पण त्यांतील उदारमत टाकून वीरपूजा वाढविली. मॉन्ट्रियलचे सेगें, फ्रेगो व ब्रुने यांनीं सर्व दैन्याचें मूळ १७६० च्या पराजयांत पाहिलें. फेर्नां वेले यानें १९६६ त धान्याचे भाव व शेतीचें उत्पन्न यांचे आंकडे मांडून, एकोणिसाव्या शतकांतील अरिष्टाचें कारण शेतींत व जुन्या समाजरचनेंत शोधावें असें प्रतिपादन केलें. दोन्ही पक्षांनीं एकमेकांस हेतु चिकटविले. माझा कल असा कीं, वेलेचे आंकडे पराजयाचा घाव नाहींसा करीत नाहींत. पण घावावर बोट ठेवून बसणारांस हिशेब तपासावयास लावतात, हें काम लहान नव्हे.

(११) अलीकडील दोन सार्वमतांकडेहि मी कागद म्हणून पाहतों. २० मे १९८० च्या सार्वमताचा प्रश्न लांबलचक होता. त्यांत स्वातंत्र्य मागितलें नव्हतें, सार्वभौमत्व व आर्थिक सहकार्य यांविषयीं बोलणें करण्याचा अधिकार मागितला होता. शेंकडा ५९.५६ मतें विरुद्ध पडलीं. १९८२ ची नवी राज्यघटना क्वेबेकच्या संमतीवांचून झाली. ती संमति मिळविण्याचे १९९० चे व १९९२ चे यत्न फसले. ३० ऑक्टोबर १९९५ रोजीं शेंकडा ९३ हून अधिक मतदार बाहेर पडले आणि ५०.५८ विरुद्ध ४९.४२ असा निकाल लागला. अंतर ५४,२८८ मतांचें. या वेळच्या प्रश्नांत त्याच वर्षीच्या जूनमधील एका कराराचा हवाला होता, म्हणजे प्रश्न समजण्यास दुसरा कागद वाचावा लागे. १९९८ त संघाच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रांतास एकतर्फी फुटतां येणार नाहीं, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाल्यास इतरांस बोलणीं करावींच लागतील. २००० त त्यावर कायदा झाला. २००६ त संघाच्या लोकसभेनें क्वेबेकवासी हे अखंड कॅनडांतील एक राष्ट्र आहेत असा ठराव केला. २०१९ त सरकारी अधिकाऱ्यांच्या धर्मचिन्हांवर बंधन घालणारा व २०२२ त फ्रेंचची सक्ती वाढविणारा असे दोन कायदे झाले. सुमारे ९० लाख वस्तीच्या या प्रांतांत तीनचतुर्थांश लोकांची मातृभाषा फ्रेंच असतांहि चिंता सरलेली नाहीं. डरहॅमचें वाक्य अजून कानांत घुमत आहे.

(१२) शेवटीं एका शिलालेखाविषयीं. क्वेबेकच्या विधिभवनाच्या दारावर वास्तुकार ताशे यानें १८८३ त तीन शब्द कोरविले; १९३९ त ते प्रांताचें ब्रीद झाले व १९७८ पासून मोटारींच्या पाट्यांवर आले. अर्थ एवढाच : 'मी स्मरतों.' कोणी म्हणूं लागले कीं हा अर्धाच श्लोक आहे. पुढील अर्धांत फ्रान्सच्या लिलीखालीं जन्मलों व इंग्लंडच्या गुलाबाखालीं वाढलों अशी कबुली होती. शोधाअंतीं ठरलें कीं तें दुसरें वचन ताशेचेंच, पण पुढील काळांतलें व निराळ्या स्मारकासाठीं रचिलेलें. म्हणजे तो प्रक्षेप. एका पक्षास सोयीची पुस्ती मूळ लेखास जोडण्यांत आली होती.

पाणिनीनें स्मरणार्थक धातूच्या कर्मास षष्ठी सांगितली आहे. फ्रेंच भाषेंतहि या क्रियापदास षष्ठीसारखाच संबंध लागतो. या लेखांत ती षष्ठी नाहीं. कोणाचें स्मरण, तें लिहिलेलें नाहीं. गार्नोनें तेथें वीरांचीं नांवें घातलीं, ग्रूनें संतांचीं, सेगेंनें पराभवाचें. त्रुदेलनें खतांतून ४,२०० गुलामांचीं नांवें आणून ठेविलीं, आणि तींहि तेथें तितकींच शोभलीं. दप्तर राखणें हें अर्धें काम. राखलेल्या दप्तरांत आपल्याविरुद्धचा कागद सांपडला तर तो बासनांत परत न बांधतां छापणें, हें दुसरें अर्धें. आणि ज्या मंडळानें तें १८५९ सालीं आपल्या पहिल्याच प्रकाशनांत केलें, त्यास गार्नोइतकाच मान दिला पाहिजे.